प्रिंटर मॅडमचाच

आमच्या क्रेडिट सोसायटीत प्रिंटर एकच आणि तो मॅडमचा. कागदोपत्री तो सोसायटीचा आहे. डेडस्टॉक रजिस्टरात त्याची नोंद आहे, बुडाशी पांढऱ्या रंगानं नंबरही टाकलाय. पण तो बसतो अकौंट्सच्या मॅडमच्या टेबलावर, त्याची वायर जाते त्यांच्या कॉम्प्युटरात आणि पासबुकं छापून त्याचं टाळकं तापलं की दुपारी त्यावर त्यांचा डबा ठेवलेला असतो. बाकी स्टाफला काही छापायचं असेल तर पेनड्राइव्ह घेऊन जायचं आणि "मॅडम, एकच पान" म्हणून उभं राहायचं. मॅडम आधी पेनड्राइव्हकडं बघणार, मग आपल्याकडं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडं. "व्हायरस नाही न्हवं यात?" पेनड्राइव्ह तोच असतो, प्रश्नही तोच असतो. आपण दर वेळी "नाही हो" म्हणायचं, जणू घरून तपासून आणलाय.

त्यात कर्ज विभागाला, म्हणजे मला, नवा कॉम्प्युटर मिळाला. मॅनेजरसाहेबांनी नारळ फोडला, पेढे वाटले आणि जाहीर केलं, "आता मॅडमना त्रास द्यायचा नाही. नेटवर्क आहे की! इथनं कमांड द्यायची, तिथनं कागद." नेटवर्क म्हणजे खिडकीच्या चौकटीवरून मॅडमच्या टेबलामागं गेलेली निळी वायर, एवढी साहेबांची खात्री होती. वार्षिक सभा तोंडावर आली होती, नोटीस छापायची होती, ती कन्नड आणि मराठी दोन्हीत, कारण आमच्या सभासदांत बेळगावच्या शहापूर-वडगावची मराठी मंडळी जितकी तितकीच कन्नड मंडळी. उद्घाटनाचं पहिलं काम म्हणून साहेबांनी नोटीस माझ्याकडं दिली.

शिपाईमामा तेवढं म्हणाले, "पेनड्राइव्ह द्या की, मी कवाच आणून दिलो असतो." कुणी लक्ष दिलं नाही.

कॉम्प्युटरची देखभाल करणाऱ्या पोराला फोन लावला. "येऊलालोय सर, दुसऱ्या गेटाला आहे, गेट पडलंय." टिळकवाडीच्या रेल्वे गेटांनी बेळगावकरांवर केवढे उपकार केलेत याची कुठं नोंद नाही. उशिरा येणारा जावई, बुडवा कर्जदार, कॉम्प्युटरवाला पोरगा, सगळे गेटावरच असतात. त्या दिवशी जितका वेळ ते गेट पडून होतं तितक्या वेळात मिरजेहून लोंढ्यापर्यंत सगळ्या मालगाड्या निघून गेल्या असत्या.

तोवर आपणच सुरुवात करू म्हटलं. रीत सोपी असते. ज्या कॉम्प्युटरला प्रिंटर जोडलाय तिथं प्रिंटर प्रॉपर्टीज उघडायच्या, शेअरिंगच्या पानावर जायचं, 'शेअर धिस प्रिंटर'पुढं टिक करायची आणि त्याला एक नाव द्यायचं. यातली अवघड गोष्ट विंडोजच्या मदतीत लिहिलेली नसते, ती म्हणजे मॅडमच्या खुर्चीत बसणं. त्या पाठीमागं हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"काय करूलालाय हे?"

"टिक करूलालोय."

"म्हणजे माझं बंद पडणार?"

"नाही हो. तुमचंही चालणार, माझंही चालणार."

"आणि कागद कुणाच्या नावावर पडणार?"

याला विंडोजकडं पर्याय नव्हता. शेवटी प्रिंटरला 'अकौंट्स' असं नाव द्यायचं या अटीवर टिक मंजूर झाली.

आता माझ्या टेबलावर. दोन उलट्या दांड्या टाकायच्या, मग मॅडमच्या कॉम्प्युटरचं नाव, मग एक उलटी दांडी, मग 'अकौंट्स'. उलटी दांडी म्हणजे बॅकस्लॅश, तो एंटरच्या डोक्यावर राहतो आणि एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. मॅडमच्या कॉम्प्युटरचं नाव मात्र विंडोजनं स्वतःच पाडलेलं होतं: 'डेस्कटॉप', एक रेघ आणि पुढं अक्षरं-आकड्यांचा असा काला की तो वाचून दाखवताना मॅडमचाही दम लागला. टाकलं. उत्तर आलं की असा कॉम्प्युटर अस्तित्वातच नाही. मॅडम हाताच्या अंतरावर, त्यांचा कॉम्प्युटर घरघरतोय, आणि हा म्हणतोय नाही!

त्याचं कारण माझ्या नव्या कॉम्प्युटरच्या स्वभावात होतं. नव्या ठिकाणी जोडला की विंडोज ते नेटवर्क 'पब्लिक' समजतो, म्हणजे स्टेशनावरचं किंवा हॉटेलातलं, आणि मग तो कुणाशी ओळख दाखवत नाही. आमच्या हॉलमध्ये थकबाकीदार ज्या पद्धतीनं सहकुटुंब येऊन बसतात ते बघता त्याचं फार चुकलं होतं असं नाही. सेटिंगमध्ये जाऊन ते 'प्रायव्हेट' केलं, फाइल आणि प्रिंटर शेअरिंग चालू केलं. कॉम्प्युटर दिसला. आणि त्यानं युजरनेम, पासवर्ड विचारला.

मॅडमच्या कॉम्प्युटरला पासवर्ड नाही. मागं होता, तो त्या विसरल्या, तेव्हापासून ठेवत नाहीत. पण विंडोजचा नियम असा की ज्या खात्याला पासवर्ड नाही ते फक्त समोर बसूनच उघडता येतं, नेटवर्कवरून नाही. म्हणजे दाराला कुलूप नाही म्हणून आत सोडत नाहीत. आधी कुलूप घाला, मग किल्ली दाखवा. मॅडमना पासवर्ड ठेवायला लावला. तो मला सांगायला त्या तयार होईनात, बरोबरच होतं. मग त्या स्वतः माझ्या टेबलापाशी आल्या, डाव्या हाताचा आडोसा करून उजव्या हाताच्या एका बोटानं पासवर्ड टाकू लागल्या. कॅशियर, साहेब, शिपाईमामा, सगळे शिस्तीत छताकडं बघत होते. पासवर्ड लांबलचक असावा, कारण माझी मान अवघडली.

आणि मग चौकट आली. 'विंडोज कॅनॉट कनेक्ट टू द प्रिंटर', खाली शून्य, एक्स, मग शून्यांची रांग आणि शेवटी ११बी.

नेमका त्याच वेळी पोरगा हजर झाला, रेनकोटातून पाणी गाळत. गोकाककडचा, कन्नड बोलणारा, मराठी कामापुरतं. चौकट बघून त्याचा चेहरा उजळला. "सर, हे कॉमन आहे." हे वाक्य डॉक्टर आणि कॉम्प्युटरवाले कुठल्या हेतूनं म्हणतात कोण जाणे. मग त्यानं सांगितलं ते मात्र ऐकण्यासारखं होतं. छपाईची कामं रांगेत लावणारा विंडोजचा एक कारकून असतो, त्याला प्रिंट स्पूलर म्हणतात. २०२१ साली या स्पूलरमधली मोठाली भगदाडं उघडकीला आली. त्यातल्या एकाला जगानं 'प्रिंटनाइटमेअर' असं नावच देऊन टाकलं. त्यातून बाहेरचा माणूस अख्खा कॉम्प्युटर ताब्यात घेऊ शकत होता. मायक्रोसॉफ्टनं भराभर भोकं बुजवली, आणि त्या सप्टेंबरच्या अपडेटनंतर ठिकठिकाणच्या कचेऱ्यांत शेअर केलेले प्रिंटर अडले आणि हीच ११बीची चौकट झळकू लागली. चोर आत येऊ नये म्हणून दार आवळलं, त्यात घरची माणसं बाहेर.

"रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीत, एक व्हॅल्यू टाकून शून्य केली की होतं सर. पण सेक्युरिटी ढिली होते."

'ढिली' ऐकताच साहेब केबिनमधून बाहेर आले. "ढिली नको. ऑडिटर विचारतो." (ऑडिटरनं आजवर चहात साखर कमी का एवढंच विचारलंय, पण असो.)

मग पोरानं दुसरी वाट काढली. आपल्या कॉम्प्युटरला सांगायचं की हा प्रिंटर नेटवर्कचा नाहीच, तुझाच आहे, लोकल. ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्राम, आपल्याकडंच टाकायचा. आणि पोर्ट, म्हणजे प्रिंटर जोडायची जागा, कुठला असं विचारलं की 'लोकल पोर्ट' म्हणून तिथं मॅडमच्या कॉम्प्युटरचा तो सगळा काला, उलट्या दांड्यांसकट, लिहून द्यायचा. म्हणजे नोंद माझ्या नावावर, प्रत्यक्ष ताबा मॅडमचा. हे मला ताबडतोब समजलं. कर्ज विभागात अशी प्रकरणं रोज येतात, फक्त तिथं जमीन असते.

ड्रायव्हर उतरवून घ्यायला बाहेरच्या पावसानं आणि आतल्या नेटनं मिळून पुष्कळ वेळ घेतला. पोरगा मधे मधे "इल्लरी, इल्लरी", म्हणजे नाही हो, असं पुटपुटत होता. चहा झाला. मामांनी पेनड्राइव्हची आठवण करून दिली. आणि एकदाचा पार्टिशनच्या पलीकडून खर्रर आवाज आला. "बंत्री!" आलं हो, म्हणून पोरगा ओरडला. टेस्ट पेज! मॅडमनी ते ट्रेमधून काढलं, मागंपुढं बघितलं आणि विचारलं, "या कागदाचा उपयोग काय?"

आता नोटीस. कमांड दिली, मामा कागद घेऊन आले, साहेबांनी चष्मा लावला. मराठी भाग ठीक होता. कन्नड भागात कन्नडचं एक अक्षर नव्हतं. सगळी इंग्रजी अक्षरं, कुणाच्या डोक्यावर टोपी, कुणाच्या डोक्यावर मात्रा, आणि दर दोन-तीन अक्षरांमागं पौंडाची खूण.

साहेब गंभीर झाले. "डिव्हिडंड पौंडात द्यायचं कधी ठरलं?"

कन्नड नोटीस नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टात टाइप केलेली. त्या फॉन्टात कन्नड अक्षरं इंग्रजीच्या आणि चिन्हांच्या जागांवर बसवलेली असतात. पौंडाच्या जागी 'न' बसतो, आणि 'न'शिवाय कन्नड नोटीस होत नाही. फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर ती उघडली की आतलं सगळं उघडं पडतं. माझ्या नव्या कॉम्प्युटरवर नुडी कोण टाकणार होतं? फॉन्ट होता मॅडमकडं. तो आणायचा कशातून? मामांनी न बोलता खिशातून पेनड्राइव्ह काढून पुढं केला.

"व्हायरस नाही न्हवं यात?" पार्टिशनपलीकडून आलंच.

फॉन्ट बसला. स्क्रीनवर कन्नड गोल गोल उमटलं. पोरगा पुढच्या कॉलला निघून गेला, गेट पडायच्या आत पोचायचं म्हणून. मी प्रिंट दाबलं. काही नाही. साहेबांनी येऊन स्वतः दाबलं. काही नाही. प्रिंट येत नसेल तर माणसाला जगात एकच उपाय सुचतो, परत प्रिंट दाबणे. कॅशियरनंही हात साफ करून घेतला. त्या दरम्यान मॅडम, एरवी डबा खाणाऱ्या, त्या दिवशी जेवायला घरी गेल्या होत्या आणि जाताना, लाइट ये-जा करते म्हणून, शिस्तीनं कॉम्प्युटर बंद करून गेल्या होत्या. तो बंद म्हणजे प्रिंटर माझ्या कॉम्प्युटरच्या लेखी मेला. बटण कुणी दाबायचं? आता पासवर्ड होता.

त्या आल्या, छत्री झटकली, कॉम्प्युटर लावला. आणि रांगेत तिष्ठत असलेल्या सगळ्या नोटिसा निघू लागल्या. सभेचं स्थळ, वेळ, विषयपत्रिका, कन्नडमध्ये, मराठीत, पुन्हा कन्नडमध्ये. ट्रे भरला, कागद खाली फरशीवर उतरू लागले, मामा गोळा करत होते. "बरं झालं, झेरॉक्सचे पैसे वाचले," साहेब म्हणाले. मॅडम काही बोलल्या नाहीत. त्यांनी ड्रॉवरमधून एक कोरं रजिस्टर काढलं, पट्टीनं रकाने आखले: तारीख, नाव, पानं, कारण, सही. दोरीनं ते प्रिंटरला बांधलं.

पहिली ओळ साहेबांची आहे. कारणाच्या रकान्यात त्यांनी 'मॅडम जेवायला' असं लिहिलं होतं, ते लाल पेनानं खोडून 'इतर' केलेलं आहे.