गाडी नंबर सांगा

धुळ्यात गल्ल्यांनासुद्धा नंबर आहेत, माझ्या सायकलला नाही. हा तिचा गुन्हा मला परवा एका कचेरीच्या गेटवर कळला.

'पायी चालणारे आणि सायकलवाले यांच्यासाठी अर्थसंकल्पात पैसे ठेवा' असा अर्ज द्यायला मी देवपुरातून निघालो होतो. आग्रा रोडवरच्या हातगाड्या आणि रिक्षा चुकवत जिवंत पोचलो, हेच खरं तर अर्जासोबत जोडायला हवं होतं. गेटवर काका रजिस्टर उघडून बसलेले.

"गाडी नंबर?"

"सायकल आहे, काका."

"ते दिसतंय. नंबर सांगा."

"सायकलला नंबर नसतो."

काका उठले. सायकलीला पूर्ण प्रदक्षिणा घातली, मागच्या मडगार्डखाली वाकून पाहिलं. "एमएच अठरा बी नही? पासिंग नाही झालं का?"

"मग पायी आलो असं लिहा ना."

"पायीवाल्याची एन्ट्रीच नसते. आनि रकाना रिकामा ठेवला तर सायेब बोलतस."

मागे मोटारसायकलींची रांग लागली. त्यातला एक पोरगा म्हणाला, "काका, सायकलच्या पेडलखाली नंबर ठोकेल असतो." त्याचं भलं होवो! काकांचा चेहरा उजळला. मग भर उन्हात, रांगेच्या टाळ्या-शिट्ट्यांत, मी सायकल उलटी केली. काका गुडघ्यावर बसले, थुंकी लावून ग्रीस पुसलं आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचत रकान्यात उतरवला. मालकाच्या नावाचा रकाना मात्र नव्हता. माझी चौकशी कुणी केलीच नाही.

"काका, तुम्ही कशावर येता?"

"मी? पायी," असं म्हणून त्यांनी पुढच्या मोटारसायकलला हात केला.

१८१९ मध्ये इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जनं खान्देशाचं मुख्य ठाणं म्हणून धुळं निवडलं, तेव्हा सगळं गाव पायीच हिंडत असणार. आज फुटपाथ किमान १.८ मीटर मोकळा हवा, असं रस्त्यांचे मापदंड ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था सांगते. आमच्याकडे तेवढ्यात रसवंती, चपलांचा ढीग आणि विजेची एक डीपी आरामात मावतात. वाहनं नव्हे, माणसं हलवायची, असं केंद्राचं शहरी वाहतूक धोरण २००६ पासून म्हणतंय. २०११ च्या जनगणनेत, शेती सोडून इतर कामाला जाणाऱ्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त लोक पायी किंवा सायकलवर निघाले. एवढी माणसं, आणि पैसा सगळा उड्डाणपुलाला! ज्या पुलावर चालायला मनाई, तो माझ्या करातून बांधायचा आणि खालून मीच जीव मुठीत धरून रस्ता ओलांडायचा. देशात दरसाल हजारो पादचारी रस्त्यावर मरतात, तेव्हा 'अचानक आडवा आला' एवढंच छापून येतं.

आतल्या बाबूंनी अर्ज उलटसुलट पाहिला. "भाऊ, याला बजेटमध्ये हेडच नाही. कुठल्या हेडखाली खर्ची टाकू?"

"नवीन उघडा."

"असं कसं? तुम्ही तीन जूनला या. जागतिक सायकल दिन असतो. साहेब स्वतः सायकलवर असतात."

असतात, मी पाहिलंय. पुढे पायलट गाडी, मागे रुग्णवाहिका, मधे कोऱ्या टोप्या. सायकली टेम्पोतून येतात, फोटो झाला की टेम्पोतूनच परत जातात. त्या टेम्पोच्या डिझेलला हेड कुठलं, ते विचारायचं राहून गेलं. बाबू जेवायला उठले होते.