‘एकच मालक’ एवढ्यावर जुनी स्पोर्ट्स कार घेऊ नका

जुन्या स्पोर्ट्स कारच्या खरेदीबद्दल एक सल्ला सध्या सगळीकडे फिरतोय: गाडी एकाच मालकाची, मीटर कमी फिरलेलं, कंपनीचं सर्टिफिकेट सोबत असेल तर डोळे झाकून घ्या, आधीच्या मालकांची कुंडली मांडत बसू नका. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. कुंडलीच मांडा. या सल्ल्यापायी माणसं आयुष्यभराची पुंजी चुकीच्या गाडीत घालून बसतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘मालक जितके जास्त, तितकी गाडी वाईट.’ साठ वर्षांच्या गाडीला पाच-सहा मालक असणारच. बघायचं ते हे, की एका हातातून दुसऱ्या हातात जाताना कागदपत्रांची साखळी कुठे तुटली का. बेंटलीची ‘ओल्ड नंबर वन’ घ्या. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं फ्रान्समधली ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकलेली गाडी. १९३२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रूकलँड्सच्या शर्यतीच्या ट्रॅकवर तिला भीषण अपघात झाला, चालक जागीच गेला. पुढे तिच्यावर वेगळी बॉडी चढली, सुटे भाग बदलत गेले. कित्येक वर्षांनी तिचा एक कोटी पौंडांचा सौदा ठरला आणि घेणारे फिरले. म्हणाले, ही ती गाडीच नाही. प्रकरण इंग्लंडच्या हायकोर्टात गेलं. १९९० मध्ये न्यायमूर्ती ऑटन यांनी विकणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. पहिल्या शर्यतीच्या वेळचं लोखंड तिच्यात फारसं उरलेलं नव्हतं. सलग इतिहास मात्र उरला होता, आणि त्याच्याच जोरावर ते नाव तिच्याकडे राहिलं.

‘मीटरवर पंचवीस हजार मैल, म्हणजे गाडी चाललेलीच नाही.’ त्या काळच्या बऱ्याच गाड्यांचं मीटर पाच आकडी असतं. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. म्हणजे पंचवीस हजार हे सव्वा लाखही असू शकतात, आणि मीटर मागे फिरवणारे तेव्हाही होतेच. सर्व्हिसची बिलं तारखेनुसार लावा, प्रत्येकावरचा आकडा चढता आहे का ते बघा. मग गाडीत बसा. क्लचच्या पेडलचं रबर एका बाजूने घासून गुळगुळीत झालंय का? चढता-उतरता घासली जाणारी ड्रायव्हरच्या सीटची कड विरलीय का? की पेडल नवं, सीट नवी आणि फक्त मीटर जुनं? आणि गाडी खरोखरच उभी राहिली असेल, तर तेही दुखणंच: ब्रेक ऑइल ओल धरतं, सील सुकतात, टाकी आतून गंजते.

‘सर्टिफिकेट आहे, गाडीवरचे नंबर कारखान्याच्या नोंदीशी जुळतात.’ जग्वार ई-टाइपचं हेरिटेज सर्टिफिकेट चेसिस, इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडीचे नंबर सांगतं. मूळ रंग, बांधणीची तारीख, कोणत्या वितरकाकडे गेली तेही सांगतं. तिथून पुढे ते गप्प. गाडी कोणी ठोकली, रंग कधी बदलला, त्यात काही नाही. शिवाय इंजिनच्या ब्लॉकवरचा नंबर घासून नवा ठोकता येतो. कारखान्याच्या वहीतली नोंद खरी आणि समोरचं इंजिन भलतंच, असं होऊ शकतं.

‘जुने फोटो, बिलं म्हणजे सजावट.’ २०१५ मध्ये पॅरिसच्या लिलावात एक फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर १.६ कोटी युरोंहून जास्त किमतीला गेली. ती सापडली तेव्हा धुळीत, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली होती. पण प्रसिद्ध फ्रेंच अभिनेते अलँ दलाँ यांच्याकडे ती होती हे दाखवणारे त्या काळचे फोटो होते.

म्हणून लॉगबुक, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं पुस्तक, मागा. ब्रिटनमधल्या जुन्या लॉगबुकात प्रत्येक मालकाचं नाव, पत्ता आणि नोंदणी कार्यालयाचा तारखेचा शिक्का असायचा. शिक्के एकापाठोपाठ वाचत जा. मध्ये सात-आठ वर्षं कोरी दिसली, की त्या वर्षांत गाडी कुठे होती हे विचारा. उत्तरादाखल किस्सा आला तर ऐकून घ्या, पण पैसे कागद हातात आल्यावरच द्या.