खोकल्याचं वेळापत्रक

सिगुर रोसच्या मैफलीला जाताना बरोबर काय न्यावं, हे अनुभवी चाहत्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. कानात घालायला बोळे, रडायला रुमाल आणि बाहेरच्या वाऱ्यासाठी जाड जाकीट. खडीसाखर मात्र एकानेही सांगितली नाही.

हॉस्टेलमध्ये एका मैत्रिणीने त्यांचा १९९९चा ‘आउगायटिस बिर्यून’ हा अल्बम सीडीवर उतरवून दिला, तेव्हापासून मी या आइसलँडच्या बँडच्या नादी लागले. गाणारा योन्सी इतक्या वरच्या पट्टीत गातो की बाई गातेय की बुवा, हे कळायलाच दोन गाणी जातात. शिवाय तो गिटार बोटांनी छेडत नाही, चेलोच्या गजाने घासतो. शब्द बरेचदा आइसलँडिक, काही वेळा कुठल्याच भाषेतले नाहीत. आमच्या घरात या सगळ्याला ‘तुझं ते मांजर’ असं नाव आहे. नाव नवऱ्याने ठेवलंय. तो बाबूजींचा भक्त. शब्द नीट ऐकू आला नाही तर गाणं झालंच नाही, असं त्याचं स्वच्छ मत.

तर २०१७च्या डिसेंबरात, नाताळ आणि नववर्षाच्या मधल्या दिवसांत, या मंडळींनी रेक्याविकच्या हार्पा सभागृहात स्वतःचाच चार दिवसांचा महोत्सव भरवला. आम्ही इंग्लंडात राहतो, म्हणजे तसं शेजारीच. उत्तर ध्रुवीय प्रकाश दिसेल असं आमिष दाखवून मी नवऱ्याला विमानात बसवलं. (दिसला नाही. ढग होते. त्यावर अजून बोलणं होतं.)

रेक्याविकला त्या दिवसांत सूर्य अकरा वाजून गेल्यावर उगवतो आणि साडेतीनच्या सुमारास घरी जातो. वारा असा की छत्री उघडणारा माणूस पर्यटक आहे हे लांबूनच ओळखू येतं. आणि दार ढकलून आत गेलात की जमिनीखालच्या गरम पाण्यावर तापवलेल्या खोल्या, कोरड्या ठणठणीत. बाहेर कुडकुड, आत भाजणं, परत बाहेर. त्यात तिथली बचाव पथकं वर्षअखेरीला फटाके विकून आपल्या कामासाठी पैसे उभे करतात, आणि लोक समाजकार्याच्या भावनेने ते एकतीस तारखेची वाट न बघता उडवायला लागतात. दिवाळीचा धूर वर्षानुवर्षं पचवलेल्या माझ्या घशाने तिथे मात्र हात टेकले. मैफलीच्या दिवशी दुपारी घशात एक बारीकशी खवखव आली. भाडेकरू येतो तशी, सभ्यपणे, आपलं काही म्हणणं नाही अशा चेहऱ्याने.

हार्पा बंदराच्या काठावर आहे. काळ्या बसाल्टच्या खांबांवरून सुचलेल्या काचेच्या विटांची दर्शनी भिंत ओलाफुर एलियासन या कलावंताची. २००८ साली देशाच्या बँका बुडाल्या तेव्हा ही इमारत अर्धवट उभी होती. पुढे सरकारने आणि शहराने मिळून ती पुरी केली आणि २०११मध्ये ती उघडली. हे सगळं मी नवऱ्याला जिना चढता चढता सांगितलं, कारण बोलत असलं की खोकला येत नाही. आतलं मोठं सभागृह, एल्डबोर्ग, नखशिखान्त लाल. आणि आवाजाच्या दृष्टीने इतकं निर्दोष बांधलेलं की पलीकडच्या रांगेतल्या बाईने पर्सची चेन ओढली ती मला दातापासून दातापर्यंत ऐकू आली.

तिथेच माझ्या पोटात गोळा आला.

आपल्याकडे डिसेंबरात सवाईला खोकला हा श्रोत्याच्या जन्मसिद्ध हक्कांत मोडतो. शाल, उशी, थर्मास आणि खोकला. विलंबित ख्याल चालू असताना कुणी ठसकला तर शेजारचा सरळ लवंग पुढे करतो. वडापाव खाऊन परत येईपर्यंत राग तोच असतो. इथे तसं काही नव्हतं. हा असा बँड आहे की ज्याने २००२च्या अल्बममध्ये चौथ्या आणि पाचव्या गाण्याच्या मधे छत्तीस सेकंद मुद्दाम काहीही वाजवलेलं नाही, आणि आम्ही चाहते तेही मन लावून ऐकतो. त्या शांततेचे पैसे भरून आलेल्या लोकांच्या मधोमध मी घशात खवखव घेऊन बसले होते.

दिवे गेले. पहिल्याच गाण्यात गज तारेवर टेकला आणि भाडेकरूने बिऱ्हाड मांडायला घेतलं.

आता निष्ठावंत चाहतीला एक फायदा असतो. तिला गाणी पाठ असतात. कुठे पियानो एकटा आहे, कुठे ढोल येणार, कुठे गिटारचा डोंगर कोसळणार, सगळं. इतकी वर्षं डोळे मिटून, ऊर भरून जे ऐकलं, त्याचा मी त्या संध्याकाळी खोकल्याचं वेळापत्रक म्हणून उपयोग केला. ‘ग्लोसोली’त शेवटाकडे स्फोट आहे, तिथे दोन खोकले बसतात. ‘साइग्लोपुर’ची सुरुवात पियानोवर, नाजूक, तोवर श्वास नाकाने आणि हळू; मग सगळी वाद्यं एकदम तुटून पडतात, तिथे चांगले चार. ‘वाका’त कुठेच जागा नाही. ‘वाका’ हे माझं सगळ्यात लाडकं गाणं. त्या रात्री ते सुरू झालं तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते ‘अरे देवा’ होतं.

‘वाका’च्या मध्यावर माझे डोळे घळाघळा वाहायला लागले. शेजारी एक आइसलँडिक आजोबा होते, हाताने विणलेला, गळ्याभोवती गोल नक्षीचा लोकरी स्वेटर घातलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, या परदेशी पोरीला गाणं कळतंय अशा कौतुकाने. मी घसा दाबून धरला होता, एवढंच. मग त्यांना संशय आला असावा. त्यांनी खिशातून एक काळी गोळी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. कागद त्यांनी आधीच सोडून ठेवला होता. काय हा विचारीपणा!

नुसत्या वासानेच ओळखलं, ज्येष्ठमध! या लोकांना ज्येष्ठमधाचं भयंकर वेड. चॉकलेटात घालतील, आइस्क्रीमवर ओततील. आजीची आठवण येऊन मी गोळी विश्वासाने जिभेवर ठेवली. ती खारट होती. नुसती खारट नव्हे, जीभ आक्रसून कानाला जाऊन लागली. या गोळ्यांत अमोनियम क्लोराइड असतं. म्हणजे आपला नवसागर. लहानपणी आमच्या गल्लीत कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात जो फासायचा आणि पांढरा धूर निघायचा, तोच. माझ्या घशाला एल्डबोर्गमध्ये, योन्सी गात असताना, कल्हई झाली.

खवखव दोन मिनिटं स्तब्ध राहिली. बहुधा धक्क्याने. मग ‘फेस्टिव्हल’ आलं, ज्यात योन्सी एक सूर लावतो आणि सोडतच नाही. सगळं सभागृह त्याच्याबरोबर श्वास रोखून बसलं. त्याला निदान सूर सोडायची मुभा होती.

नवरा एव्हाना झोपला असेल म्हणून मी तिकडे पाहिलं. तो खुर्चीच्या काठावर बसून पुढे वाकला होता. ‘सारंगी आहे गं ही,’ तो कुजबुजला. ‘गिटारची सारंगी केलीय त्याने.’ मला उत्तर देता येईना. तोंड उघडलं असतं तर दुसरंच काही बाहेर आलं असतं.

शेवटी ‘पॉप्लाइथ’. तेव्हा मैफलीचा शेवट ते याच गाण्याने करायचे. अल्बमवर ते पावणेबारा मिनिटांचं आहे आणि त्यातला मोठा भाग नुसता सबुरीचा. ढोल लांबून चालत येतो. एक एक पायरी. मी खुर्चीचे हात धरले. आजोबांनीही धरले होते. आणि मग ढोल वाजवणाऱ्या ओर्रीने झांजांवर हल्ला चढवला, दिवे पांढरे लखलखायला लागले, जमीन हादरायला लागली, आणि मी गेल्या दोन तासांची सगळी थकबाकी व्याजासकट फेडायला सुरुवात केली.

त्या लखलखाटात सभागृह तुकड्यातुकड्याने दिसत होतं. एका तुकड्यात आजोबा, तोंडावर मूठ, दुमडून खोकताहेत. पुढच्यात त्यांच्या पलीकडची पर्सवाली बाई, तीही. पुढच्या रांगेत दोन दणकट पोरं, खांदे उडताहेत. डावीकडे एक, वर सज्जात तीन. अख्खं एल्डबोर्ग याच जागेसाठी राखून बसलं होतं! वेळापत्रक सगळ्यांकडे होतं आणि सगळ्यांचं एकच होतं.

पडद्यावर ‘ताक’ अशी आभाराची अक्षरं आली, बँड दोनदा येऊन वाकून गेला, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आजोबांनी आणखी एक गोळी पुढे केली. मी ती घेऊन सरळ खिशात टाकली.

बाहेर वाऱ्यात पाऊल टाकल्याबरोबर नवऱ्याने विचारलं, ‘उद्याही आहेत ना हे लोक?’

‘आहेत. का रे?’

‘तिकीट मिळतंय का बघ. एकच बघ पण. तुझ्या खोकण्यात मला शेवटचं गाणं धड ऐकूच आलं नाही.’