मॅक्सला घरातून नेमकं मिळालं काय?

फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर मॅक्स वेरस्टॅपेनचं नाव निघालं की कोणीतरी लिहितंच, "त्याचं काय भो, बाप रेसर होता." होताच. आईही होती, ते मात्र कोणी लिहीत नाही. त्याची आई सोफी कुम्पेनने १९९५ साली इटलीतली आंद्रेया मार्गुत्ती ट्रॉफी जिंकली होती आणि कार्टिंगच्या, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या रेसिंगच्या जगात ती साधी ट्रॉफी नाही. पण नुसत्या आडनावावर भागत असतं तर मायकेल शूमाखरचा पोरगा मिक अजून फॉर्म्युला वनमध्ये दिसला असता. फॉर्म्युला टू म्हणजे वनच्या खालची पायरी; तिचा २०२०चा चॅम्पियन, त्यात आडनाव शूमाखर, तरी हास टीममध्ये दोन सीझन काढले आणि २०२२ संपताना सीट गेली.

माझं मत असं की रेसिंगमध्ये घरच्या माणसाचा खरा उपयोग दोनच ठिकाणी होतो. एक म्हणजे कार्टचा सेटअप. दुसरं म्हणजे पैसा कोणत्या वर्षी कुठे घालायचा नाही, हे कळणं.

मॅक्सचा बाप योस वेरस्टॅपेन २००३ नंतर फॉर्म्युला वनमधून बाहेर पडला आणि पोराच्या कार्टची इंजिनं स्वतः तयार करत बसला. याची किंमत कळायला कार्ट चालतं कसं ते बघावं लागेल. कार्टला डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नसतो. मागचा एक्सल म्हणजे एक सलग दांडा, दोन्ही चाकं सारखीच फिरणार. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, म्हणून आतलं मागचं चाक क्षणभर तरी रस्त्यावरून सुटायला हवं. स्टिअरिंग वळवलं की पुढचं आतलं चाक खाली दाबतं आणि त्याच बाजूचं मागचं उचलतं. हे काम कॅस्टर अँगल (पुढच्या चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा तिरकेपणा) आणि चेसिसचा, म्हणजे सांगाड्याचा लवचिकपणा मिळून करतात. चाक उचललं नाही तर कार्ट वळायचं सोडून सरळ ढकललं जातं आणि वळणातून बाहेर पडताना इंजिन गुदमरतं. पोरगं म्हणतं, "इंजिनात दम नाही." बाप नवं इंजिन घ्यायला निघतो. दोष असतो सीटचा.

सीट हा कार्टचा सगळ्यात दुर्लक्षित पार्ट. चालकाचं वजन हे एकूण वजनातलं सगळ्यात मोठं ओझं, त्यामुळे सीट १० मिलिमीटर मागे-पुढे सरकली तरी कार्टचा स्वभाव बदलतो. चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवून, पोराला हेल्मेट-सूट सगळं घालून बसवून, पुढे साधारण ४३ आणि मागे ५७ टक्के वजन येतंय का ते बघायचं. वाढत्या वयात हे दर काही महिन्यांनी पुन्हा करावं लागतं. आपली माणसं मात्र शाळेच्या गणवेशासारखी वाढत्या मापाची सीट घेतात, पुढच्या वर्षीही चालेल म्हणून. मग पोरगं आत घसरतं, वजन वळणात उशिरा सरकतं आणि बरगड्या सुजतात. रिब प्रोटेक्टरशिवाय, म्हणजे बरगड्यांच्या कवचाशिवाय, तर पोराला ट्रॅकवर सोडूच नये.

टायरची हवा थंड असताना १० ते १४ पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) दरम्यान, टायर आणि उन्हाप्रमाणे. अर्ध्या पीएसआयने फरक पडतो. उन्हात हवा जास्त भरली तर पहिल्या दोन-तीन लॅप झकास जातात, मग टायरचा मधला पट्टा तापतो आणि कार्ट घसरायला लागतं. म्हणून पिटमध्ये आल्याबरोबर, टायर गरम असतानाच हवा मोजायची. चहा पिऊन आल्यावर मोजलेला आकडा कामाचा नाही.

आता कार्बोरेटर. कार्टमधलं रोटॅक्स कंपनीचं इंजिन १२५ सीसी टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये २ टक्के ऑइल. दुपारी हवा तापून विरळ होते, तेव्हा मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र, लहान लागतो. तोच जेट दुसऱ्या दिवशी सकाळच्या थंड, दाट हवेत तसाच ठेवला तर मिश्रण लीन होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त; उलट झालं तर रिच) आणि सरळ पट्ट्यावर फुल थ्रॉटलमध्ये पिस्टन जाम. खर्च मोठा आणि सकाळ वाया. प्लग काढून रंग बघितला असता तर आधीच कळलं असतं: पांढरट म्हणजे लीन, काळा ओला म्हणजे रिच, तपकिरी म्हणजे बरोबर. धुळ्या-भुसावळात राजदूत, येझदी, लूना खोलण्यात हयात घालवलेले मिस्त्री हे न बघता सांगतील. रेसिंगच्या नादाला लागलेला आपल्याकडचा एकही बाप त्यांच्याकडे जात नाही, हे मला कोडंच आहे.

दुसरी गोष्ट पैसा कुठे घालायचा नाही याची, म्हणजे शिडीची. कार्ट, फॉर्म्युला फोर, रीजनल, थ्री, टू, मग वन. फॉर्म्युला वनमध्ये उतरायचा परवाना म्हणजे सुपर लायसन्स; त्याला तीन वर्षांत ४० पॉइंट लागतात. फॉर्म्युला फोर जिंकून १२च मिळतात, थ्री जिंकून ३०, टूमध्ये पहिल्या तिघांत आलं की ४०. टूचा एक सीझन २० कोटींच्या आसपास किंवा त्याच्याही वर जातो. मॅक्स २०१५ मध्ये सतराव्या वर्षीच फॉर्म्युला वनमध्ये उतरला, तेव्हा रस्त्यावर गाडी चालवायचं लायसन्सही नव्हतं त्याच्याकडे. १८ वर्षांची आणि लायसन्सची अट त्यानंतर आली.

आपल्या देशातही घराणी आहेतच. नारायण कार्तिकेयनचे वडील रॅली चॅम्पियन, करुण चंडोकचे वडील रॅलीवाले आणि आजोबा देशातल्या मोटरस्पोर्टची संघटना एफएमएससीआयच्या संस्थापकांपैकी. आदित्य पटेलचे वडील कमलेश पटेल रेसर. यातली बहुतेक माणसं चेन्नई-कोइमतूरची, कारण ट्रॅकच तिथे. खान्देशातून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जायचं तर नवजीवन एक्सप्रेसने चेन्नई, आणि कार्ट वेगळ्या टेम्पोने. म्हणजे सरावाचा प्रत्येक दिवस महाग. म्हणून आपल्याकडच्या पोराने सुरुवात कोल्हापूर-पुण्याकडच्या कार्टिंगने करावी आणि घरी सिम्युलेटर घ्यावा. त्यात स्टिअरिंगपेक्षा ब्रेक पेडलवर खर्च करा. लोड सेलवालं, म्हणजे पायाचा जोर मोजणारं पेडल घ्या, कारण ब्रेक पाय किती खाली गेला यावर नाही, किती जोर लावला यावर शिकायचा असतो. जळगावात अजिंठा चौफुलीवर आणि बायपासवर रात्री ज्या गाड्या पळवतात त्यातून यातलं काहीच शिकायला मिळत नाही, फक्त हाडं मोडतात.

आणि योसचं सगळंच उचलू नका. २०१२ साली इटलीत सार्नोच्या कार्टिंग रेसमध्ये पोराने आततायीपणे ओव्हरटेक करून रेस घालवली म्हणून परतीच्या वाटेवर त्याला पेट्रोलपंपावर उतरवून दिलं होतं. २०१३ मध्ये मॅक्स कार्टिंगचा जागतिक विजेता झाला, तर लोक म्हणतात बघा, कडक शिस्तीचं फळ. मला हे अजिबात पटत नाही. त्याच बापाने वर्षानुवर्षं इंजिनं बांधली, सेटअप केला, ते सोडून नेमका पेट्रोलपंप का लक्षात ठेवायचा?

ज्यांना खरंच पोराला उतरवायचंय त्यांनी अकॅडमीला पैसे देण्याआधी चार गोष्टी लिहून घ्या: वीकेंडला नवे टायर किती सेट, इंजिन शेवटचं रिबिल्ड होऊन किती तास झाले (५० तासांच्या आसपास करावंच लागतं), लॅपचा डेटा पोरासोबत बसून कोण बघणार, आणि इंजिन जाम झालं तर बिल कोणाच्या नावावर.