‘पत्री सरकार म्हणजे आद्य नक्षलवाद’? जरा थांबा

सातारा-सांगलीच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय : क्रांतिसिंह नाना पाटलांनी इंग्रजांविरुद्ध चालवलेलं समांतर सरकार, म्हणजे प्रतिसरकार (लोकांच्या तोंडी पत्री सरकार), आणि गडचिरोलीचे नक्षलवादी एकाच माळेचे मणी. दोन्हीकडे बंदुका, लूट, स्वतःची कोर्टं. आणि दोन्ही पोलिसांनी मोडून काढली.

आधी मूळ पाहू. प्रतिसरकार उभं राहिलं ते १९४२ च्या ‘चले जाव’ मोर्च्यांतून. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला, ९ तारखेला वडूजला गोळीबारात नऊ जण पडले, दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात पुन्हा गोळ्या. लढाई परक्या सरकारशी होती आणि पुढारी कुंडल, वाळवा, येडेमच्छिंद्र इथलेच. गडचिरोलीत १९८० च्या सुमारास पीपल्स वॉर या नक्षलवादी संघटनेची दलमं (सशस्त्र तुकड्या) पलीकडच्या आंध्रातून आली. तेंदू (विडीची पानं) आणि बांबूची तुटपुंजी मजुरी आणि वनखात्याचा जाच यांमुळे त्यांना पाय रोवता आले. ती गाऱ्हाणी खरीच होती.

‘लूट’ हा मुद्दा ऐकायला सोपा. प्रतिसरकारच्या लोकांनी जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ रेल्वे लुटली, १४ एप्रिल १९४४ ला आजच्या धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सुमारे साडेपाच लाखांचा खजिना. दोन्ही लुटींत पैसा सरकारी. नक्षल्यांची मुख्य कमाई ठेकेदाराकडून. तेंदूचा हंगाम उन्हाळ्यातल्या काही आठवड्यांचा.  पानांचे पुडे उघड्या फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागेवर, वाळत असतात. एक पेटती काडी पडली की हंगाम गेला. म्हणून ठेकेदार मुकाट पैसे मोजायचा, आणि ते दरवर्षी.

कोर्टांबाबत फॉरवर्डमध्ये थोडं तथ्य आहे. प्रतिसरकारने खबरे आणि दरोडेखोर यांना दिलेल्या शिक्षा क्रूर होत्या, ते झाकायचं कारण नाही. पण गावोगावची न्यायदान मंडळं शेताच्या बांधाचे, सावकारी कर्जाचे तंटे मिटवत, कमी खर्चात गांधी लग्नं लावत. नक्षल्यांच्या जनअदालतीत (त्यांच्या कोर्टात) निकाल दलमचा. ‘खबऱ्या’ ठरवून मारलेल्यांत आदिवासीच जास्त.

सर्वांत चुकीचा मुद्दा शेवटचा. प्रतिसरकार पोलिसांनी मोडलं नाही. १९४४ मध्ये गांधीजींनी भूमिगतांना प्रकट व्हायला सांगितलं, तेव्हाही साताऱ्याचे बहुतेक जण बाहेर आले नाहीत. १९४६ ला मुंबईत काँग्रेस मंत्रिमंडळ आलं, वॉरंटं मागे घेतली गेली, तेव्हा आले. पुढे नाना कम्युनिस्ट झाले, पण मार्ग मतपेटीचा : १९५७ ला साताऱ्यातून लोकसभेत, १९६७ ला बीडमधून. त्याच १९६७ च्या मे महिन्यात पश्चिम बंगालात नक्षलबारी पेटली, नक्षलवादाला नाव तिथूनच.

गडचिरोलीतही नुसत्या बंदुकीने भागलं नाही. स्थानिक, गोंडी-माडिया जाणणाऱ्या तरुणांचं पोलिसांचं सी-६० दल १९९० चं, तरी २००९ मध्ये मर्केगाव, हत्तीगोटा, लाहेरी अशा तीन हल्ल्यांत जवळपास पन्नास पोलीस गेले. सुरुंगाच्या मुलखात आधी पायी रस्ता तपासायचा, मगच गाडी काढायची, हा नियम. १ मे २०१९ ला जांभुळखेड्यात नक्षल्यांच्या जाळपोळीमागे धावलेलं पोलीस पथक खासगी गाडीतून निघालं. १५ पोलीस आणि चालक ठार. दुसऱ्या बाजूला २००५ पासून आत्मसमर्पण योजना आणि २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला मिळालेला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क. बांबू-तेंदू ग्रामसभा स्वतः विकू लागली की ठेकेदार हटतो, आणि त्याच्याकडून मिळणारा पैसाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षल्यांचा वरिष्ठ नेता भूपती ६० साथीदारांसह शरण आला, तो या सगळ्यानंतर.

जाता जाता : फॉरवर्डमध्ये १९४३ चा ‘सांगली जिल्हा’ आहे. तेव्हा वाळवा, तासगाव सातारा जिल्ह्यातच होते, आणि कुंडल औंध संस्थानात. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ ला, सांगली हे नाव १९६० चं.