आधी निर्णय, मग संशोधन

साहेब, शाळा सुधारायच्या म्हणता ना? मग संशोधनाशिवाय गत्यंतर नाही. फक्त ते कुठं लावायचं, एवढं कळलं पाहिजे.

निर्णय आधी घ्यावा. टॅब ठरले, पुरवठादार ठरला, टेंडर निघालं, की टिपणीत वर ‘संशोधनातून सिद्ध झाले आहे की’ एवढं घालायचं. कुठलं संशोधन, असं विचारणारा माणूस सिव्हिल लाइन्सच्या बैठकीत सापडणं कठीण. पोह्यावर तर्री कमी पडली तर मात्र सगळे बोलतात.

संशोधन शक्यतो फिनलंडचं घ्या. तिथं बर्फ, इथं एप्रिलात पत्र्याखाली 44 अंश, असली कुरकुर गुरुजी करतीलच, लक्ष देऊ नका. खात्री करायला कोणाला तरी जावंच लागलं तर त्याचा अभ्यासदौरा होतो, आणि दौऱ्याच्या यादीत पहिलं नाव कोणाचं असतं हे मी काय सांगावं!

मुंबई-वडोदऱ्याचं मात्र चुकूनही काढू नका. तिथल्या पालिका शाळांत ‘प्रथम’ या संस्थेनं बालसखी नेमल्या होत्या, वस्तीतल्याच शिकलेल्या मुली. तिसरी-चौथीतली मागं पडलेली पोरं दिवसाला दोनेक तास बाजूला घ्यायची आणि वाचन, बेरीज-वजाबाकी पक्की करायची. कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी मिळणार, हे चिठ्ठ्या टाकावं तसं ठरवलं होतं, म्हणून फरक मोजता आला. आणि तो दिसलाही. मोजणाऱ्यांतल्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना पुढं 2019 मध्ये मायकल क्रेमर यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पण यात ना टॅब, ना टेंडर. तुमच्या काय कामाचं?

वर्गभेटीला गेलातच तर पाचवीतल्या पोराच्या वहीत डोकावू नका. 42 वजा 17, उत्तर 35. फुली मारा आणि पुढं चला. थांबलात तर कळेल की पोरगं आळशी नाही. 2 मधून 7 जात नाहीत, म्हणून त्यानं 7 मधून 2 काढले. 4 मधून 1. नियम पाळलाय बिचाऱ्यानं, तोच चुकीचा आहे. ही चूक जगभरच्या पोरांच्या वह्यांत सापडते, तिच्यावर लिहिलंही भरपूर गेलंय. पण मग दहा काड्यांचा गठ्ठा सोडून सुट्या करून दाखवायला गुरुजींना आठवडाभर वर्ग द्यावा लागेल, आणि गुरुजी तर मतदार यादी घेऊन घरोघरी फिरताहेत.

मुलांची ‘बघून शिकणारी’ आणि ‘ऐकून शिकणारी’ अशी वाटणी करणारं प्रशिक्षण जरूर ठेवा. 2008 मध्ये चार मानसशास्त्रज्ञांनी झालेले अभ्यास तपासून याला पुरेसा पुरावा नाही असं लिहिलं खरं, पण आपल्या स्लाइड तयार आहेत. रंगीत आहेत.

झोपेचं संशोधनही हाताशी ठेवा. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नका, असं शासनानं फेब्रुवारी 2024 मध्ये सांगितलं. आपल्याकडं उन्हाळा लागला की शाळा सकाळची. दोन्ही मुलांच्याच भल्यासाठी. फाइली वेगवेगळ्या कपाटांत ठेवल्या की झालं.

आणि योजना सगळ्या शाळांत एकाच दिवशी सुरू करा. काही शाळा मागं ठेवल्या तर तुलना होते, आणि तुलनेतून काय निघेल याचा नेम नाही. गुण वाढले तर श्रेय योजनेचं, नाही वाढले तर दोष शिक्षकांच्या मानसिकतेचा. तिच्यावर भर मे महिन्यात तीन दिवसांचं प्रशिक्षण लावा, फोटो लोकेशनसकट अपलोड करायला सांगा. पुढच्या वर्षीच्या संशोधनाला तेवढा पुरावा पुष्कळ झाला.