सोनपूरच्या मेळ्याला निघालेल्या छायाचित्रकारास चार शब्द

कार्तिकी पौर्णिमा जवळ आली की पुण्यामुंबईच्या छायाचित्रकारांना बिहारमधल्या सोनपूरचे वेध लागतात. आपणही त्यांपैकी एक असाल, तर निघण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी : गंगा आणि गंडक यांच्या संगमावर भरणारा हा मेळा आपल्यासाठी भरतो. सारण जिल्ह्यातला आणि आसपासचा शेतकरी तेथे जनावरे विकायला किंवा घ्यायला येतो, ही त्याची खासगी बाब आहे आणि आपण तिच्याकडे काणाडोळा केलेला बरा.

जाताना आपल्या डोळ्यांपुढे हत्तींची रांग असणार, यात शंका नाही. याच परिसरात मगरीने गजेंद्राचा पाय धरला आणि विष्णूने धावून येऊन त्याला सोडवले, अशी श्रद्धा आहे. पलीकडे हाजीपूरला कोनहारा घाट आहे आणि अलीकडे हरी व हर यांना एकत्र पुजणारे हरिहरनाथाचे मंदिर आहे. एवढी पार्श्वभूमी असताना हत्ती दिसू नयेत म्हणजे आपली फसवणूकच झाली. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ साली दुरुस्ती होऊन पाळीव हत्तीची विक्री बंद झाली, त्यानंतर काही काळ हीच देवघेव ‘दान’ या पवित्र नावाने चालू राहिली आणि मग हत्तीच येईनासे झाले, हा तपशील मुळीच वाचू नये. चहाच्या टपरीवर बसून ‘पूर्वीची मजा राहिली नाही’ असे सुस्कारे टाकावेत. हत्ती साखळदंडात असता तर आपण त्याच्या पायावर ‘बंदिवान’ या शीर्षकाची चित्रमालिका केली असती आणि तो नाही म्हणून परंपरा बुडाल्याची हळहळही आपणच व्यक्त करतो. या दोन भूमिकांचा मेळ घालण्याची जबाबदारी आपल्यावर नाही.

हत्तींवाचून उरतात ते बैल, गाई, म्हशी आणि घोडे. त्यांच्याकडे वळताना चौकटीत काय येऊ द्यायचे नाही, याची यादी तयार ठेवावी. ट्रॅक्टर नको, मोटारसायकल नको, प्लॅस्टिकची खुर्ची नको आणि शेतकऱ्याच्या हातातला मोबाइल तर नकोच नको, कारण आपल्या तीन लाखांच्या कॅमेऱ्याला त्या यंत्राचे दर्शन सोसत नाही. पुष्करला दिसतात तसे रंगीत फेटे येथे नसतात; माणसे खांद्यावर साधा गमछा टाकून आणि थंडी असल्यास स्वेटर घालून येतात. बिहारच्या या बेपर्वाईबद्दल स्थानिक मार्गदर्शकापाशी सौम्य शब्दांत नाराजी नोंदवावी. मुक्काम पर्यटन खात्याच्या स्विस कॉटेजमध्ये करावा आणि तेथील गरम पाण्याविषयी तक्रार करून झाल्यावर ‘मातीशी नाते’ या विषयावर लिहायला बसावे. रात्रीच्या ‘थिएटरां’तल्या नाचाबद्दल नाक मुरडावे, मात्र तिकीट पुढच्या रांगेचे काढावे.

आता सर्वांत महत्त्वाचा क्षण. दोन माणसे एका बैलापाशी उभी आहेत, एकाने बैलाचा जबडा उघडून दात पाहिले आहेत, दुसरा शेपटीपासून वशिंडापर्यंत हात फिरवत खोड शोधतो आहे, दलाल मध्ये पडला आहे आणि आकडा आता जुळणार, असे सर्वांच्या चेहऱ्यावर दिसते आहे. नेमके याच वेळी आपण मध्ये शिरावे. ‘जरा इकडे पाहा, हसू नका’ असे सांगावे, उजेड जातो आहे याची जाणीव करून द्यावी आणि बैलाची मान सूर्याकडे वळवून मागावी. गिऱ्हाईक कंटाळून पुढच्या दावणीकडे गेले, तर विक्रेत्याच्या चेहऱ्यावर जी खिन्नता उमटेल ती अजिबात दवडू नये. कृष्णधवल चित्राला तिच्यासारखे खाद्य नाही. बैलाची किंमत विचारण्याच्या फंदात पडू नये, कारण आकडा कळला की तो चारा, कर्ज, मजुरी असल्या गोष्टींशी जोडला जातो आणि चित्रातली कालातीतता बिघडते.

एवढे झाल्यावर तो विक्रेता बहुधा अवघडून एक विनंती करील. बैल चारही पायांवर नीट उभा दिसेल, शिंगे आणि वशिंड स्पष्ट येतील, असा बाजूने एक सरळ फोटो काढून त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, तर छपरा शहरातल्या एका ओळखीच्या गिऱ्हाइकाला तो दाखवता येईल, असे त्याचे म्हणणे असेल. आपण मात्र एव्हाना बैलाच्या डाव्या डोळ्याची चाळीस आणि विक्रेत्याच्या भेगाळलेल्या टाचेची साठ छायाचित्रे घेतलेली असतील. त्याचा नंबर आदराने लिहून घ्यावा, चित्रांवर अजून संस्करण व्हायचे आहे असे समजावून सांगावे आणि प्रदर्शनाचे उद्घाटन कोणाच्या हस्ते करावे, याचा विचार करीत पाटण्याची गाडी पकडावी.